छत्रीच्या कुळातले सर

सर दर वर्षी एक छत्री मोडत. जुलैतल्या एका तासाला ते चांगली धडधाकट छत्री घेऊन वर्गात यायचे, ती उघडायचे, आणि सगळ्या पोरांसमोर दोन्ही हातांनी उलटी करून तिचं कापड टराटरा फाडायचे. उरलेला सांगाडा डोक्यावर धरून म्हणायचे, "पाहा. साऱ्या काड्या एका टोकातून निघून राह्यल्या. ज्याच्या फुलाले एवढं जमते, तो या कुळातला. बाकी सब झूठ." मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवायची. मग सर सांगाडा खुंटीला लटकवून पावसात भिजत घरी जायचे. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या, "लोकाईचे नवरे छत्री हरवतेत. माह्यावाला शिकवते."

ते कुळ म्हणजे गाजराचं. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, हिंग ही सगळी मंडळी एकमेकांची सख्खी-चुलत भावंडं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊनही मला हे फक्त परीक्षेपुरतं ठाऊक होतं. सरांमुळे ते ताटात उतरलं आणि माझ्या जेवणाची वाट लागली. पंगतीत बसले की सर आधी वरणाची वाटी नाकाशी नेत आणि हजेरी घेत. "जिरं हाय, हिंग हाय, वरून सांबार हाय." सांबार म्हणजे इकडची कोथिंबीर. "सारे एका गोत्राचे. सगोत्र लग्न हाय हे, अन् पाहा कसं सुखानं नांदून राह्यलं!" एका लग्नात हे वाक्य त्यांनी नवरदेवाच्या काकांना ऐकवलं. गोत्र एकच निघालं म्हणून आधीची एक चांगली मुलगी याच काकांनी नाकारली होती. काका ताट घेऊन उठले आणि दुसऱ्या पंगतीला बसले.

मी वर्ध्याला लग्न करून आले आणि त्यांच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. तासिका तत्त्व म्हणजे शिकवायचं सगळं, पण सही कशावरच करायची नाही. पहिल्या दिवशी सरांनी माझी डिग्री विचारली नाही, मार्क विचारले नाहीत. "माहेर कुठलं?" म्हणाले.

"साताऱ्याकडचं."

"घाटातलं?"

"हो. आमच्या घरामागेच डोंगर आहे."

सरांनी खडू खाली ठेवला. "म्हंजे तू छत्रीवाल्याईच्या माहेरची!" जमीनदाराच्या मुलीकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्या डोंगरावर शेळ्यांसारखी हुंदडले होते आणि पायाखाली काय तुडवलं याचा मला पत्ता नव्हता, हे मी सांगितलं नाही. नोकरीचा पहिलाच दिवस होता.

मग त्यांनी मला नकाशा दाखवला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा होता आणि त्यावर टाचण्या टोचलेल्या होत्या. या कुळातलं एखादं झाड जिथे रानात आपलं आपण उगवलेलं सरांना मिळालं, तिथे एक टाचणी. नियम दोनच. झाड सरांनी स्वतःच्या हातानं उपटलेलं पाहिजे, आणि ते कोणी पेरलेलं नसलं पाहिजे. शेतातलं गाजर नाही, वाफ्यातला सांबार नाही, परसातला शेपू नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात टाचण्यांची इतकी गर्दी होती की खालची गावं दिसत नव्हती. मेळघाटात पाच-सहा होत्या. वर्धा जिल्हा कोरा होता.

"या कुळाले थंडी पायजे, धुकं पायजे," सर सांगायचे. "हिमालय त्याचं हेडऑफिस. सह्याद्री ब्रँच हाय. चिखलदऱ्याले एक छोटं काउंटर. अन् वर्ध्याची पोस्टिंग म्हटली की सारे रजेवर जातेत. काऊन नाई जानार? मे महिन्यात अथी दगडाले घाम येते."

हे ते हसत सांगत, पण त्यांना ते लागत होतं. बाहेरच्या विद्यापीठांतले लोक भेटले आणि "तुमच्या जिल्ह्यात काय सापडतं?" असं विचारलं की सर चहा मागवत. कालव्याच्या कडेला कुठे कुठे मंडूकपर्णी दिसायची, आणि तीही याच कुळातली. पण ती कोणाच्या ना कोणाच्या कुंडीतून पळालेली असायची म्हणून सर तिला धरत नसत. "पळून आलेली पोरगी हाय ते. तिच्या भरोशावर मी टाचनी नाई मारत." रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती. एकदा नकाशासमोर उभे असताना ते मला म्हणाले, "पोरी, जाच्या आंधी एक टाचनी पायजे. एकच. अख्ख्या जगाच्या फुलाईचं पाह्यलं, अन् सोताच्या घरी अंधार." सर माझ्याशी चेष्टा न करता बोलल्याचं मला आठवतं ते हे पहिलंच वाक्य.

त्यांना घेऊन बाजारात जाणं म्हणजे भांडण विकत घेणं. एकदा तळेगावच्या बाजारात एका मसालेवाल्याने कडू जिऱ्याची पुडी पुढे करून "जिऱ्याचा मोठा भाऊ हाये, पोटाले मस्त" असं म्हटलं. झालं. सर तिथेच उकिडवे बसले. जिरं गुजरात-राजस्थानातून येतं, हिंग अफगाणिस्तानाकडून, शहाजिरं काश्मिराकडून, म्हणजे एका फोडणीत अर्धा नकाशा तडतडतो, इथपासून सुरुवात करून ते कडू जिऱ्याच्या आईबापापर्यंत पोचले. कडू जिरं सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा जिऱ्याशी काही संबंध नाही, नुसतं तोंड सारखं. गर्दी जमली. संत्र्याच्या गाडीवरचा पोरगा गाडी सोडून ऐकायला आला. मसालेवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, घ्याचं असन तं घ्या, नाई तं सरका. तुमच्या पाठीमागं गिऱ्हाईक थांबून हाये." सरांनी पाव किलो कडू जिरं घेतलं. का घेतलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. काकूंनी ते अजून वापरलेलं नाही.

गाजरगवतावरून तर त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला होता. गाजरगवत निर्मूलनाचा कार्यक्रम होता, बॅनर लागले होते, आणि सरांचं म्हणणं असं की हे गवत गाजराचं कोणी लागत नाही, फक्त पानं तशी दिसतात. "गुन्हा एकाचा अन् नाव दुसऱ्याचं! गाजरानं तुमचं काय घोडं मारलं?" अर्जात त्यांनी गाजराची जाहीर माफी मागावी अशी विनंती केली होती. सरपंचांनी अर्जावर "योग्य ती कार्यवाही" असं लिहिलं.

घरी त्यांच्या गाद्यांखाली रान असायचं. झाड वर्तमानपत्रात पसरून दाबून वाळवायचं, हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. त्यासाठी लाकडी चौकट आणि पट्टे असतात. पण सरांचा त्या चौकटीवर विश्वास नव्हता. शेवटचा दाब माणसाचाच बसला पाहिजे असं ते म्हणत. त्यांचे साडू एकदा दोन रात्री मुक्कामाला राहिले आणि तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ घेऊन डॉक्टरकडे गेले. त्यांच्या गादीखाली मेळघाटातलं एक खाजरं झाड होतं. सरांनाही वाईट वाटलं. "घामानं बुरशी येते न बाप्पा झाडाले," म्हणाले.

त्यानंतर काकूंनी कायदा केला: रानातलं रानात. वाळलेली झाडं घरात चालतील. माती, काड्या, कचरा, बी चालणार नाही. थैली आणि कागद बाहेरच झटकून आणायचे. सरांनी हा कायदा मनापासून पाळला, कारण मोडला की जेवणात शेपूची भाजी यायची. अख्ख्या कुळात तेवढी एकच त्यांना आवडत नसे. झाडांचे कागद दोन-चार दिवसांनी बदलावे लागतात. सर ते रानातच बदलत. जुने कागद झटकून, उन्हात वाळवून पुन्हा वापरत. नवे कागद त्यांना नको असत. मुरलेल्या कागदात रंग चांगला राहतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

कागद बदलायची त्यांची लाडकी जागा गिरडच्या टेकडीवर होती. वर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. टेकडीवर सुपारी-नारळासारखे गोल गोटे सापडतात, आणि ते एका व्यापाऱ्याचा माल बाबांनी दगड केला त्यातले, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. सर वर जाऊन डोकं टेकवत आणि खाली येताना म्हणत, "बाबानं नारळाचे गोटे केले. आपल्याले फक्त गोट्यातून एक छत्री पायजे. काई जास्त नाई मागून राह्यलो." उतारावर, ओहोळाच्या काठाला, सावलीत एक सपाट खडक होता. जिल्ह्यात कुठे गारवा टिकत असेल तर तो इथे, असं त्यांचं गणित. दर पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर आम्ही तिथे जायचो. एसटीत सर मांडीवर चौकट घेऊन बसायचे. कंडक्टरने एकदा तिचं अर्धं तिकीट मागितलं होतं. खडकावर बसून आम्ही पोळी खायचो, कागद बदलायचो, आणि सर वहीत एक ओळ लिहायला सांगायचे. त्यांचं अक्षर त्यांनाही वाचता येत नसे, म्हणून मी आल्यापासून वही माझ्याकडे होती.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं. सप्टेंबरात आम्ही गिरडला गेलो. मी मागे राहिले होते, चपलेत काटा गेला होता. वर पोचले तर सर खडकाशेजारी उभे होते आणि बोलत नव्हते. सर बोलत नाहीत म्हणजे चक्कर आली असणार, असं वाटून मी पाण्याची बाटली काढली. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. खडकाच्या कडेला, ओल्या भेगेत, गुडघ्याएवढी झाडं होती आणि त्यांच्यावर पांढऱ्या फुलांच्या लहान लहान छत्र्या उघडलेल्या होत्या. मी झाडं मोजली. अकरा.

"पोरी," सर म्हणाले, "मले चिमटा घे."

मी घेतला. जोरात घेतला. ते हसले, आणि मग पायातले बूट काढून खडकावर बसले. पंधरा मिनिटं ते त्या झाडांकडे पाहत होते. मग त्यातलं एक त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून चौकटीत घेतलं. हे सह्याद्रीतलंच एक झाड आहे हे त्यांनी पान चुरून, वास घेऊन ओळखलं. एवढ्या लांब ते कसं आलं असेल याची गाडीभर कारणं त्यांनी एसटीत मला सांगितली: जुन्या काळी हवा थंड होती, जंगल सलग होतं, हे आपलं मागे राहिलेलं, लपून बसलेलं. दुसरा कोणी अशी कारणं घेऊन आला असता तर सरांनी त्याला हाकलून दिलं असतं. त्या दिवशी मीही मान डोलावत होते. आनंद संसर्गजन्य असतो आणि अक्कल नसते, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकते.

टाचणी मारायला सरांनी काकूंना बोलावलं. इतक्या वर्षांत काकू कॉलेजात पहिल्यांदा आल्या. त्यांनी नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. "याच्यासाठी माह्या गाद्याईचं वाटोळं केलं?" म्हणाल्या, आणि समुद्रपूर तालुक्यात, गिरडवर, टाचणी इतकी सरळ टोचली की सरांनाही तशी जमली नसती. घरून आणलेली सांबारवडी सगळ्यांनी खाल्ली. प्राचार्यांनीही खाल्ली. डिसेंबरात कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती येणार होती. प्राचार्यांनी हात पुसले आणि आठवडाभरात अहवालात एक रकाना भरला: जिल्ह्यातील पहिली नोंद.

नोंद पक्की करायला फळ लागतं. या कुळात फुलं सगळ्यांची सारखी, खरी ओळख फळावरून पटते. म्हणून ऑक्टोबरात आम्ही पुन्हा जाऊन पिकत आलेली थोडी फळं आणली, आणि ती जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं काम सरांनी मला दिलं. कपाटात त्याच जातीचा एक नमुना होता. तो आम्ही दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातच आणला होता, तोही माझ्या माहेरच्या डोंगरावरून. सर तेव्हा चार दिवस आमच्या घरी राहिले होते आणि माझ्या वडिलांना त्यांच्याच डोंगराची माहिती देऊन त्यांनी बेजार केलं होतं. मी भिंगाखाली दोन्ही फळं ठेवली. तंतोतंत एक. पाठीवर बारीक केस, कागदाला चिकटणारे. मी खूश झाले. मग तारीख उतरवून घ्यायला वही उघडली.

माझ्या माहेरच्या नोंदीच्या खाली पुढची ओळ होती, आठ दिवसांनंतरची, माझ्याच अक्षरात: "गिरड. काही नाही. कागद बदलले."

मला सगळं दिसलं. तोच खडक. सर पोळी खात होते आणि म्हणत होते, "झटक, झटक, चांगले झटक, नाई तं घरी शेपू हाय." आणि मी एकेक कागद ओहोळाच्या बाजूला धरून फडाफडा झटकत होते. कोणी पेरलेलं नसलं पाहिजे, हा नियम होता. मी पेरलं होतं.

चार दिवस मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर माझ्यासमोर सोपा रस्ता होता. कोणाला कळणार नव्हतं. सर मे महिन्यात रिटायर होणार होते, टाचणी घेऊन घरी गेले असते, आणि माझी पुढच्या वर्षीची तासिका प्राचार्यांच्या हातात होती. पण फळं पिकत होती. पुढच्या पावसाळ्यात दहाची पन्नास झाली असती, आणि मग ते खोटं कोणाच्या बापाला उपटता आलं नसतं. पाचव्या दिवशी मी वही उघडून सरांच्या टेबलावर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. "तू झटकले?"

"हो सर." मी रडायला लागले होते.

"कोनाच्या हुकमानं?"

"तुमच्या."

"मंग तू काऊन रडून राह्यली?" त्यांनी चष्मा परत चढवला. "दुसरा कोनी असं झाड घेऊन माह्याकडं आला असता, तं मी पह्यलं काय इचारलं असतं?"

"थैली कुठून आली."

"थैली कुठून आली. साऱ्या दुनियेले इचारलं. सोताले नाई इचारलं." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "अन् तुले कधी समजलं हे?"

"चार दिवस झाले."

"चार दिस! तिकडं बी पडून राह्यलं असन, अन् तू अथी चार दिस तोंड पाडून बसली? उद्या पह्यल्या एसटीनं निघाचं. खुरपं घेऊन येजो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. उरलेली दहा झाडं सर स्वतः उपटत होते, मुळासकट, एकेक. फळ खाली पडू नये म्हणून आधी डोक्याला कागदाची पिशवी बांधायची, मग उपटायचं. मी भेगेतली माती खरवडून रोपं शोधत होते. ती माझ्या माहेरची झाडं होती. मीही अशीच साताऱ्याहून इथल्या उन्हात येऊन पडले होते, फक्त मला कोणी उपटलं नाही, आणि त्याचं श्रेय सासूबाईंना जातं. हे मी सरांना बोलून दाखवलं. त्यांनी पुढच्या झाडाला पिशवी बांधली.

बकऱ्या चारणारी एक बाई येऊन उभी राहिली. वयाने काकूंएवढी असेल. "काय उपटून राह्यले जी?"

"गवत," सर म्हणाले.

"त्याच्यासाठी एवढा तरास? माह्या बकऱ्याईले सोडतो नं. एका घडीत साफ."

"नको! नको, बाई! बकरी खाईन अथी अन् बी पाडन तिकडं. साऱ्या तालुक्यात होईन."

"मंग होऊ द्या. हिरवं तं हाये."

सरांनी शेवटच्या झाडाला पिशवी बांधली, ते उपटलं, आणि ते खडकावर बसले. मग ते रडले. आवाज न करता, पण लपवलंही नाही. मी पाहिलं, आणि त्या बाईनेही पाहिलं. तिने कमरेची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. "काय होतं जी एवढं त्या झाडात?"

"माह्यं गाव होतं, बाई," सर म्हणाले. पाणी प्यायले, आणि बाटली परत देताना तिला विचारलं की बकऱ्या या ओहोळापासून आणखी कुठे कुठे जातात, आणि असं पांढरं फूल तिने दुसरीकडे कुठे पाहिलंय का. तिने डोकं हलवलं. सरांनी तेही मला वहीत लिहायला लावलं.

प्राचार्यांना त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, फक्त अहवाल छापून झाला होता. "सर, झाड तिथे होतं, हे तर खरं ना?" ते म्हणाले. "मग वाक्य राहू द्या. तुमच्या निरोपाच्या वर्षी कशाला?"

"होतं," सर म्हणाले. "मीच आनलतं. माही चप्पल मंदिराबाहेर सापडली म्हनून ते काय देवाची होते?"

समिती डिसेंबरात आली. तीन जण होते, आणि अध्यक्ष पुण्याकडचे, मृदू बोलणारे. प्रयोगशाळेत शिरताच ते नकाशासमोर थांबले. वर्ध्यावर टाचणी नव्हती, एक बारीक भोक होतं. त्यांनी अहवाल उघडला, रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "ही पहिली नोंद कुठे आहे?"

प्राचार्यांनी खाकरून घेतलं. मी दाराशी उभी होते. सर पुढे आले आणि त्यांनी सगळं सांगितलं: थैली, कागद, खडक, शेपूची भाजी, बकऱ्या. काही गाळलं नाही. फक्त कागद कोणी झटकले हे सांगताना ते "आमी" म्हणाले. समितीतले एक जण हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सर, इतक्या वर्षांच्या शोधाचं फलित काय समजायचं? काहीच नाही?"

"नाई," सर म्हणाले. "वर्धा जिल्ह्यात या कुळातलं रानटी झाड मले भेटलं नाई. गिरडले नाई, बोरच्या जंगलात नाई, हिंगणीले नाई, आष्टीच्या डोंगरात नाई. कोन्या साली कुठं कुठं नाई, ते या वहीत हाय. घरी बसून कोनी बी ‘नाई’ म्हनन. पन साहेब, खरं ‘नाई’ म्हनाले बी पाय झिजवा लागतेत."

अध्यक्षांनी वही हातात घेतली. ते उभ्या उभ्या बरीच पानं वाचत राहिले. एकेका ओळीची पानं होती, तारीख, गाव, आणि "काही नाही". मग त्यांनी अहवालातली ती ओळ खोडली, तिच्या जागी शून्य काढलं आणि शेजारी सही करायला पेन सरांपुढे केला. सरांनी ऐटीत सही केली. पगाराच्या कागदावरही त्यांनी इतकी लांबलचक सही केलेली मी पाहिली नव्हती. मग पेन परत न देता ते माझ्याकडे वळले.

"तू बी कर."

"त्यांना अधिकार नाही," प्राचार्य हळूच म्हणाले. "त्या तासिकेवर आहेत."

"शून्यावर चालते," सर म्हणाले, आणि सही करायला माझ्यासाठी कागद धरून उभे राहिले.